दुपारची वीज, संध्याकाळची मागणी

२०२४ या एका वर्षात चीनने सुमारे २७७ गिगावॅट क्षमतेचे सौर प्रकल्प उभे केले. अमेरिकेने २०२४ अखेरपर्यंतच्या सगळ्या वर्षांत मिळून जेवढे सौर प्रकल्प उभारले, त्याहून हा आकडा मोठा आहे. त्याच २०२४ मध्ये चीनमध्ये कोळशावर चालणाऱ्या नव्या वीजप्रकल्पांची बांधकामेही जवळपास दहा वर्षांतील सर्वाधिक प्रमाणात सुरू झाली. या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पहिली वाचणाऱ्याला जग बदलले असे वाटते, दुसरी वाचणाऱ्याला हा सगळा देखावा वाटतो, आणि दोघेही आपापल्या आकड्यावर ठाम राहतात. मोठ्या अर्थव्यवस्था जीवाश्म इंधनाकडून स्वच्छ विजेकडे कशा वळत आहेत हे समजून घ्यायचे असेल, तर या दोन बातम्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे आधी समजून घ्यावे लागते.

सुरुवात मोजमापापासून करणे भाग आहे, कारण या विषयातले निम्मे गैरसमज तिथेच जन्माला येतात. मेगावॅट आणि गिगावॅट (म्हणजे हजार मेगावॅट) ही क्षमतेची मापे आहेत, तर युनिट हे प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेचे माप आहे. नळाला मिनिटाला किती पाणी येऊ शकते हा एक प्रश्न, आणि दिवसअखेर हौदात किती पाणी साठले हा दुसरा. १,००० मेगावॅटचा प्रकल्प वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण ताकदीने चालला, तर ८७६ कोटी युनिट वीज तयार होईल. अणुवीज केंद्र यातील ९० टक्क्यांपर्यंत मजल मारते, म्हणजे सुमारे ७८८ कोटी युनिट देते. रात्र, ढग आणि कलते ऊन यांमुळे चांगल्या उन्हाच्या प्रदेशातील सौर प्रकल्पही २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १७५ कोटी युनिटांपर्यंत पोहोचतो. जर्मनीसारख्या ढगाळ देशात तो त्याच्या निम्म्यावरच थांबतो. समुद्रातील पवनचक्क्या मात्र ४० टक्के किंवा त्याहून अधिक सहज गाठतात. म्हणून ‘अमुक देशाची निम्मी क्षमता स्वच्छ झाली’ या वाक्याचा अर्थ ‘निम्मी वीज स्वच्छ झाली’ असा कधीच होत नाही. भारताने २०२५ च्या मध्यावर स्थापित क्षमतेतील ५० टक्के वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाल्याचे जाहीर केले, तेव्हाही देशातील सुमारे ७० टक्के युनिटे कोळशातूनच येत होती. सरकारी घोषणा क्षमतेचा आकडा का पुढे करतात, हे वेगळे सांगायला नको.

मोजमापाचा दुसरा घोळ याहून मोठा आहे. वीज आणि ऊर्जा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण जगात अखेरच्या वापरापर्यंत पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी विजेचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा आहे. उरलेली ऊर्जा गाड्यांच्या टाकीत, कारखान्यांच्या भट्टीत आणि थंड देशांतील घरांच्या बॉयलरमध्ये थेट जळते. त्यामुळे काम दुहेरी आहे. वीज बनवणे स्वच्छ करायचे आणि आज जे विजेवर चालत नाही ते विजेवर आणायचे. चीनमध्ये हा विजेचा वाटा पाव हिश्शाच्या पुढे गेला आहे आणि तो युरोप-अमेरिकेपेक्षा अधिक आहे. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या विजेवर किंवा चार्जिंग करता येणाऱ्या हायब्रिड यंत्रणेवर चालणाऱ्या होत्या. या वाटचालीत चीन इतरांच्या पुढे आहे, तो या अर्थानेही.

इथे एक हिशेब हमखास चुकवला जातो. आज जेवढे इंधन जळते तेवढ्याच ऊर्जेची वीज बनवावी लागेल, असे धरून डोंगराएवढा आकडा मांडला जातो आणि मग हे अशक्यच आहे असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक इंधन जाळून काम करून घेणे ही मुळातच उधळपट्टी आहे. पेट्रोलच्या गाडीत इंधनातील ऊर्जेचा साधारण पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होऊन धुराबरोबर आणि रेडिएटरमधून निघून जाते. विजेच्या गाडीत प्लगमधून घेतलेल्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग चाकांना मिळतो. हीट पंप तर एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिटांएवढी उष्णता घरात आणून टाकतो. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतो. फ्रिजचे काम उलट दिशेने केले म्हणजे हीट पंप झाला. थोडक्यात, जी ऊर्जा आज वाया जाते तिच्यासाठी पर्याय शोधण्याची गरजच नाही. पोलाद, सिमेंट, खते आणि लांब पल्ल्याची विमाने यांना हे उत्तर सरळ लागू पडत नाही, पण तो स्वतंत्र विषय आहे.

कोणत्या देशाने प्रत्यक्षात काय केले हे पाहायचे तर ब्रिटनपासून पाहावे. कोळशावरचे पहिले सार्वजनिक वीज केंद्र एडिसनच्या कंपनीने १८८२ मध्ये लंडनच्या होल्बर्न व्हायाडक्ट येथे सुरू केले होते. ३० सप्टेंबर २०२४ रोजी नॉटिंगहॅमजवळचे रॅटक्लिफ-ऑन-सोर हे केंद्र बंद झाले आणि त्या देशातील कोळशाची वीज संपली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे यातला उतार फार अलीकडचा आहे. २०१२ मध्येही ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. पुढच्या बारा वर्षांत ती शून्यावर आली, ती एखाद्या चमत्कारिक यंत्रामुळे नव्हे, तर एकमेकांना पूरक अशा रूक्ष नियमांमुळे. युरोपीय संघाच्या प्रदूषण नियमांनी जुन्या केंद्रांपुढे गंधक गाळण्याची महागडी यंत्रणा बसवा किंवा बंद करा, एवढेच दोन मार्ग ठेवले. २०१३ पासून सरकारने वीज केंद्रांच्या कार्बनवर किमान किंमत लावली. कोळशाच्या प्रत्येक युनिटामागे वायूच्या युनिटापेक्षा साधारण दुप्पट कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे या आकारणीचा भुर्दंड कोळशालाच जास्त बसला.

तिसरा नियम सर्वात महत्त्वाचा, आणि त्याच्याविषयी सर्वात कमी बोलले जाते. औष्णिक प्रकल्पाचा मालक इंधनाचे पैसे रोजच्या रोज मोजतो. पवनचक्की उभारणारा मालक जणू पंचवीस वर्षांचे इंधन पहिल्याच दिवशी विकत घेतो, कारण वारा फुकट असला तरी यंत्र, पाया, केबल आणि बांधकाम यांचा सारा खर्च आधी करावा लागतो, तोही बहुतांशी कर्ज काढून. साहजिकच त्याच्या विजेचा दर वाऱ्यापेक्षा बँकेच्या व्याजावर अधिक ठरतो. बँक व्याज कमी तेव्हाच लावते, जेव्हा पुढील उत्पन्न खात्रीचे असते. ब्रिटनने ही खात्री फरकाच्या कराराने दिली. लिलावात एक दर ठरतो. बाजारभाव त्याखाली गेला तर उरलेली रक्कम प्रकल्पाला भरून मिळते आणि बाजारभाव वर गेला तर जादा रक्कम प्रकल्पाने परत करायची असते. २०१५ च्या पहिल्या लिलावात समुद्रातील पवनऊर्जेचा दर मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, ११४ ते १२० पौंड होता, २०२२ मध्ये तो सुमारे ३७ पौंडांवर आला. दोन्ही आकडे २०१२ च्या किमतींत आहेत. मग २०२३ चा लिलाव झाला आणि समुद्रातील पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. वारा तोच होता, तंत्रज्ञानही तेच होते. पोलादाचे भाव आणि व्याजदर मात्र चढले होते, आणि सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा त्या मानाने अपुरी पडली. पुढच्या वर्षी मर्यादा वाढवताच बोली परत आल्या. ज्या देशांत कर्जच महाग आहे, तिथे त्याच पॅनेलची आणि त्याच पवनचक्कीची वीज महाग का पडते, याचे उत्तरही इथेच आहे.

तरीही ब्रिटनच्या यशात वायूचा वाटा मान्य केल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. कोळशाची मोकळी झालेली जागा सुरुवातीला मोठ्या प्रमाणात वायूने घेतली, वारा नंतर पुढे आला. अमेरिकेत तर हे अधिकच ठळक आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथली जवळजवळ निम्मी वीज कोळशाची होती, ती २०२३ मध्ये १६ टक्क्यांच्या आसपास उतरली. त्याचे मुख्य श्रेय खडक फोडून काढलेल्या स्वस्त शेल वायूला जाते. त्या देशातील सुमारे ४० टक्के वीज आज वायूची आहे. धुराड्यातून निघणारा कार्बन त्यामुळे नक्कीच घटला. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि विहिरीपासून वीज केंद्रापर्यंतच्या वाटेवर तो गळत राहिला, तर हवामानाच्या दृष्टीने कमावलेले बरेचसे गमावले जाते, कारण पहिली काही दशके मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट अधिक उष्णता धरून ठेवतो. कोळसा सोडून वायूकडे जाणे म्हणजे एक पायरी उतरणे आहे. त्याला मुक्काम मानण्याची चूक अनेक सरकारे करतात.

सौरऊर्जा स्वस्त कशी झाली, ही गोष्ट दोन देशांची मिळून आहे. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर विजेला वीस वर्षे ठरलेला दर देण्याची हमी दिली, आणि तो दर युनिटाला ५० युरोसेंटच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या बाजारभावाच्या अनेक पट होता. ही किंमत जर्मन ग्राहकांनी वीजबिलावरील अधिभारातून २०२२ पर्यंत चुकवली. त्या हमीमुळे मागणी निर्माण झाली, मागणी पाहून चीनमध्ये कारखाने उभे राहिले, आणि जगभरातील एकूण उत्पादन जसजसे दुप्पट होत गेले तसतशी प्रत्येक टप्प्यावर पॅनेलची किंमत साधारण पाचव्या हिश्शाने उतरत गेली. २०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनेल सुमारे ९० टक्क्यांनी स्वस्त झाले. आज पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर जगातील ८० टक्क्यांहून अधिक उत्पादनक्षमता चीनच्या हाती आहे. जर्मन कारखाने या स्पर्धेत बहुतेक बुडाले. जगाने त्या देशातील वीजग्राहकांचे आभार मानायला हवेत असे मला वाटते. त्यांना स्वतःला मात्र हा सौदा आतबट्ट्याचाच वाटत असणार.

जर्मनीच्या दुसऱ्या निर्णयाबद्दल एवढे औदार्य दाखवता येत नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी त्या देशाने आपल्या अखेरच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, आणि कोळसा सोडण्याची कायद्यातील अंतिम मुदत मात्र २०३८ आहे. आधी काय बंद करायचे आणि नंतर काय, हा क्रमच उलटा लागला. शेजारच्या फ्रान्सने तेलाचे भाव भडकल्याच्या धक्क्यानंतर १९७४ मध्ये अणुभट्ट्यांची मोठी योजना हाती घेतली आणि साधारण पंधरा वर्षांत आपली तीन-चतुर्थांश वीज अणुऊर्जेवर आणून ठेवली. हवामानबदल तेव्हा राजकारणाचा विषयही झालेला नव्हता. अर्थात तिथेही सगळे आलबेल नाही. २०२२ मध्ये पाइपांना गंज चढून तडे गेल्याचे आढळल्यामुळे अनेक भट्ट्या एकाच वेळी थांबवाव्या लागल्या आणि एरवी वीज निर्यात करणाऱ्या फ्रान्सला ती आयात करावी लागली.

आतापर्यंतचे सगळे विवेचन वीज बनवण्याविषयी झाले, आणि बनवणे हा आता तुलनेने सोपा भाग उरला आहे. अवघड आहे ते बनलेली वीज हव्या त्या वेळी आणि हव्या त्या जागी असणे. विजेच्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, उत्पादन आणि वापर प्रत्येक क्षणाला जुळावे लागतात. ते जुळले आहेत की नाही हे वारंवारता सांगते. युरोप आणि आशियाच्या बऱ्याच भागात ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ असते. वापर उत्पादनापेक्षा वाढला की ती घसरते, उत्पादन वाढले की चढते.

९ ऑगस्ट २०१९ रोजी दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी लंडनच्या उत्तरेकडील एका पारेषण वाहिनीवर वीज कोसळली. अशा घटना नित्याच्या असतात आणि वाहिनी क्षणात सावरलीही. पण त्या क्षणीच्या धक्क्याने समुद्रातील एका मोठ्या पवनप्रकल्पाच्या नियंत्रण यंत्रणेचा तोल गेला आणि त्याचे सातशेहून अधिक मेगावॅट उत्पादन जाळ्यातून नाहीसे झाले. जवळपास त्याच वेळी वायूवर चालणाऱ्या एका केंद्राचे एक टर्बाइन बंद पडले, आणि ठिकठिकाणची छोटी जनित्रेही सुरक्षा यंत्रणेने जाळ्यापासून तोडली. अशा प्रसंगासाठी १,००० मेगावॅटचा हातचा राखून ठेवलेला होता. हानी त्याहून मोठी होती. साठवणुकीच्या बॅटऱ्या आणि पंपाने वर चढवलेल्या पाण्यावरचे जलविद्युत प्रकल्प धावून आले, वारंवारता ४९.१ वरून किंचित वर सरकली, आणि तेवढ्यात त्याच वायूकेंद्राचे दुसरे टर्बाइन थांबले. काटा ४८.८ वर पोहोचताच स्वयंचलित यंत्रणेने सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज कापली आणि उरलेले जाळे वाचवले. पाच मिनिटांत वारंवारता पूर्ववत झाली, पाऊण तासात सर्वांची वीज परत आली. रेल्वेची रात्र मात्र वाया गेली, कारण एका प्रकारच्या गाड्या वारंवारता ४९ च्या खाली जाताच स्वतःला कुलूप घालून बसल्या होत्या, आणि त्यांपैकी अनेक गाड्यांचे ते कुलूप काढायला तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन प्रत्यक्ष पोहोचावा लागला.

या प्रसंगात ‘वाऱ्याने दगा दिला’ म्हणावे तर वायूचे केंद्रही पडले होते. खरा मुद्दा जडत्वाचा आहे. औष्णिक, अणू आणि जलविद्युत केंद्रांत शेकडो टन वजनाची जनित्रे जाळ्याच्या लयीत फिरत असतात. अचानक उत्पादन घटले तरी ती भिरभिरती वस्तुमाने लगेच मंदावत नाहीत आणि ते काही सेकंद बाकीच्यांना सावरायला मिळतात. सौर पॅनेल आणि आधुनिक पवनचक्क्या जाळ्याला इन्व्हर्टरमधून, म्हणजे विजेचा प्रवाह जाळ्याच्या लयीला जुळवून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून, जोडलेल्या असतात, त्यांच्याकडे असे जडत्व आपोआप नसते. ते मुद्दाम पुरवावे लागते. इंधन न जाळता नुसते फिरत राहणारे जड चक्र बसवून, सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देणाऱ्या बॅटऱ्यांतून, किंवा स्वतः लय धरून इतरांना देऊ शकणाऱ्या नव्या पद्धतीच्या इन्व्हर्टरमधून ते मिळते. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी मुख्य भूमीवरील स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा जडत्वाकडेच बोट दाखवले गेले, परंतु युरोपीय तज्ज्ञांच्या तपासात प्रमुख कारण म्हणून पुढे आली ती व्होल्टेज चढत जाण्याची साखळी. अक्षय ऊर्जेचे बहुतेक प्रकल्प तेव्हाच्या स्पॅनिश नियमांनुसार व्होल्टेज सावरण्याच्या कामात सक्रिय भाग घेतच नव्हते. यंत्रांमध्ये ती क्षमता असू शकते. नियमांनी तिची मागणी केलेली नव्हती.

सेकंदांचा प्रश्न असा सुटू शकतो. तासांचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटतो आहे, आणि त्याचे सर्वात स्पष्ट चित्र कॅलिफोर्नियात दिसते. दुपारी तिथे सौर वीज इतकी असते की इतर केंद्रांकडून लागणारी मागणी तळाला जाते, आणि सूर्य मावळताना घरोघरी दिवे आणि वातानुकूलन सुरू होत असतानाच तीन तासांत ती मागणी कड्यासारखी वर चढते. या आलेखाला तिथले अभियंते बदकाचा आलेख म्हणतात. दुपारचे फुगलेले पोट आणि संध्याकाळची उंच मान पाहिली की नाव पटते. पूर्वी ही मान वायूकेंद्रे सांभाळत. लिथियम बॅटरीच्या संचाची किंमत २०१० मध्ये किलोवॅट-तासाला, म्हणजे एका युनिटाएवढ्या साठवणुकीला, १,००० डॉलरच्या वर होती, ती २०२४ मध्ये ११५ डॉलरपर्यंत उतरली, आणि कॅलिफोर्नियाने १० गिगावॅटहून अधिक बॅटऱ्या जाळ्याला जोडल्या. १६ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी थोडा वेळ का होईना, त्या राज्याच्या जाळ्यातील सर्वात मोठा वीजस्रोत बॅटऱ्या होत्या. ६,००० मेगावॅटहून अधिक वीज त्या देत होत्या, आणि ती सारी दुपारी भरून ठेवलेली होती.

पण या बॅटऱ्या चार तास पुरतात, चार आठवडे नव्हे. उत्तर युरोपात हिवाळ्यात असे दिवस येतात की आकाश झाकोळलेले असते आणि वाराही पडलेला असतो. जर्मन भाषेत त्याला अंधार आणि शांतता जोडून केलेला स्वतंत्र शब्दच आहे. १२ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी जर्मनीतील घाऊक दर मेगावॅट-तासाला ९०० युरोंच्या पुढे गेला होता. त्याच वर्षी तिथे ४५७ तास असे होते की घाऊक दर शून्याच्याही खाली होता, म्हणजे वीज घेऊन जाणाऱ्यालाच पैसे मिळत होते. एकाच वर्षातील ही दोन टोके पाहिली की प्रश्न पुरवठ्याच्या एकूण बेरजेचा नसून वेळेचा आहे हे ध्यानात येते. अशा आठवड्यांसाठी आज तरी नॉर्वेची धरणे, शेजारी देशांच्या वाहिन्या आणि वर्षातून थोडेच दिवस चालणारी वायूकेंद्रे यांच्यावरच भिस्त आहे.

वेळेनंतर जागा, आणि इथेच घोडे पेंड खाते. वारा जर्मनीच्या उत्तरेला आहे आणि मोठे कारखाने दक्षिणेला. दोन्ही जोडणारी स्यूडलिंक ही सुमारे ७०० किलोमीटरची वाहिनी मूळ वेळापत्रकाप्रमाणे २०२२ मध्ये पूर्ण व्हायची होती. उंच मनोऱ्यांना गावोगावी विरोध झाला, तेव्हा ती जमिनीखालून न्यायचे ठरले, नव्याने परवानगीची प्रक्रिया झाली आणि मुदत २०२८ वर गेली. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडची पवनवीज दक्षिणेला नेणाऱ्या तारा अपुऱ्या पडतात, म्हणून वारा जोरात असताना तिथल्या पवनचक्क्यांना थांबण्याचे पैसे दिले जातात आणि त्याच वेळी दक्षिणेतील वायूकेंद्रांना चालण्याचे. अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस जाळ्याला जोडणी मिळावी म्हणून सुमारे २,६०० गिगावॅटचे प्रकल्प रांगेत होते, आणि हा आकडा त्या देशाच्या संपूर्ण विद्यमान क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्यांतले बरेच प्रकल्प कधीच उभे राहणार नाहीत, पण जे राहतील त्यांनाही अर्जापासून वीज देईपर्यंत साधारण पाच वर्षे लागतात. सौर प्रकल्प वर्षभरात उभा राहतो आणि त्याची तार दहा वर्षांनी येते. चीनने मात्र पश्चिमेच्या वाळवंटापासून पूर्वेकडे सुमारे ३,३०० किलोमीटर लांबीची, ११ लाख व्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी २०१९ मध्ये सुरूही केली. गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागत नाही तिथे तारा लवकर पडतात, ही गोष्ट कौतुकाच्या भरात नजरेआड होऊ नये.

स्वच्छ वीज स्वस्त असेल तर बिल का उतरत नाही, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो आणि तो रास्त आहे. युरोपच्या घाऊक बाजारात त्या-त्या वेळेची मागणी भागवण्यासाठी आधी सर्वात स्वस्त प्रकल्प घेतले जातात, मग त्याहून महाग, असे करत ज्या शेवटच्या प्रकल्पावर मागणी पूर्ण होते त्याचाच दर सर्वांना मिळतो. तो शेवटचा प्रकल्प बहुधा वायूचा असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये रशियाने पुरवठा आखडल्यावर युरोपातील वायूचा दर मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या पुढे गेला, जो एरवी २० युरोंच्या आसपास असे, आणि वाऱ्याची व अणूची वीजही वायूच्या विजेच्या भावाने विकली गेली. ही पद्धत अन्यायकारक दिसते, पण तिच्यामुळेच स्वस्त वीज आधी वापरली जाते. बिल उतरते ते वायू शेवटच्या क्रमांकावर येण्याचे तास जेव्हा कमी होतात तेव्हा. शिवाय बिलात वाहिन्यांचा खर्च, कर आणि जुन्या करारांची परतफेड असते, आणि त्यांतले काहीच सूर्यप्रकाशामुळे स्वस्त होत नाही.

कोळशावर जगणाऱ्यांचा हिशेब निराळाच आहे. जर्मनीने आपल्या कोळसा पट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली. एवढी ऐपत सर्वांची नसते. भारतात रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळजवळ निम्मा वाटा कोळशाचा आहे आणि मालभाड्याच्या कमाईतूनच प्रवासी तिकिटे स्वस्त ठेवली जातात, त्यामुळे कोळसा कमी झाला तर प्रश्न केवळ खाणकामगारांचा राहत नाही. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेला मोठ्या करसवलती दिल्या आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्यांतल्या बऱ्याच काढून घेतल्या. वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या गुंतवणूकदाराला दर तीन वर्षांनी बदलणारे धोरण व्याजदरासारखेच नडते. गंमत अशी की त्या देशात सर्वाधिक पवनवीज टेक्सासमध्ये तयार होते, आणि ते राज्य तेल-वायूचे माहेरघर आहे. तिथे वारा भरपूर, जमीन मोकळी आणि वाहिन्या राज्याने आधीच बांधून घेतल्या होत्या.

आता पुन्हा चीनकडे वळू. २०२१ मध्ये तिथे अनेक प्रांतांत विजेची टंचाई झाली. २०२२ च्या उन्हाळ्यात सिचुआन प्रांतात दुष्काळ पडला, नद्या आटल्या, आणि बहुतांश जलविद्युतवर चालणाऱ्या त्या प्रांतातील कारखाने बंद ठेवावे लागले. प्रांतिक अधिकाऱ्यांनी त्यातून घेतलेला धडा सरळ होता: हाताशी कोळशाचे केंद्र हवे. म्हणून बांधकामे वाढली. पण जानेवारी २०२४ पासून चीनने कोळसा केंद्रांना पैसे देण्याची रीतही बदलली आहे. आता विकलेल्या युनिटांखेरीज, केवळ गरज पडल्यास चालू होण्यासाठी सज्ज राहिल्याबद्दलही पैसे मिळतात. २०२४ आणि २०२५ मध्ये बहुतेक प्रांतांत ते किलोवॅटमागे वर्षाला सुमारे १०० युआन होते. सतत एकाच गतीने चालण्यासाठी बांधलेल्या या केंद्रांना दुपारी, सौर वीज भरात असताना, क्षमतेच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत उतरायला आणि संध्याकाळी पुन्हा चढायला सांगितले जाते. रोजच्या या तापण्या-निवण्याने बॉयलरच्या नळ्यांवर ताण येतो, त्यासाठी जुन्या केंद्रांत फेरबदल केले जात आहेत. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत चीनमधील विजेची मागणी वाढूनही जीवाश्म इंधनावरची वीजनिर्मिती सुमारे २ टक्क्यांनी घटली. केंद्रांची संख्या वाढत होती, आणि ती सरासरीने जळत होती कमी तास. मात्र कोट्यवधी युआन खर्चून उभारलेले केंद्र त्याच्या मालकाला, आणि त्यावर रोजगार असलेल्या प्रांताला, दिवसाचे चारच तास चालवायला परवडेल का, यावर बीजिंग आणि प्रांत यांच्यातील ओढाताण अजून सुरू आहे.